विमानाची शिदोरी

चंडीगडहून काल्क्याकडे जाणाऱ्या सडकेवर, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी पिंजौर नावाचे गाव आहे. औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाई खान याने सतराव्या शतकात येथे टप्प्याटप्प्यांनी उतरत जाणारे एक उद्यान वसविले. त्याच्या मध्यातून वाहणारा पाट आणि त्यातील कारंजी पाहण्यास लोक दुरून येतात. गावाजवळ एक छोटी धावपट्टीही आहे. नवशिक्या वैमानिकांना लहान विमाने चालविण्याचे शिक्षण तेथे दिले जाते. पिंजौरहून उत्तरेस पाहावे, तर डोंगरांच्या रांगा एकीमागून एक चढत गेलेल्या दिसतात. दक्षिणेस मात्र थेट दिल्लीपर्यंत सपाट मैदान पसरलेले आहे. या मैदानाच्या कडेला, पिंजौरच्या नैर्ऋत्येस सुमारे वीस किलोमीटरवर, चंडीगडचा मोठा विमानतळ आहे. दिल्लीस उतरू न शकलेल्या विमानांना जे विमानतळ आसरा देतात, त्यांत याची गणना होते.

दि. १३ एप्रिल २०२४ रोजी, बैसाखीच्या दिवशी, इंडिगो कंपनीचे एक विमान अशाच रीतीने येथे आले. ते अयोध्येहून दिल्लीस निघाले होते. अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर. दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी निघून साडेचारला पोहोचावे, असे वेळापत्रक होते. दिल्लीवर वादळी हवा होती. एका प्रवाशाने मागाहून प्रसिद्ध केलेल्या हकिकतीनुसार, सव्वाचारच्या सुमारास वैमानिकाने हवा खराब असल्याचे सांगितले आणि घिरट्या घालण्यास पंचेचाळीस मिनिटे पुरेल एवढे इंधन विमानात असल्याचा दिलासा दिला. त्यानंतर दोनदा उतरण्याचा प्रयत्न झाला. दोन्ही वेळा विमान पुन्हा वर उचलावे लागले. साडेपाचला चंडीगडला जात असल्याची घोषणा झाली आणि ६ वाजून १० मिनिटांनी विमान तेथे सुखरूप उतरले. सव्वाचारच्या घोषणेपासून एकशेपंधरा मिनिटे लोटली होती. प्रवासी भयभीत झाले होते. काहींना ओकाऱ्याही झाल्या. विमान उतरले तेव्हा त्यात अवघे एक-दोन मिनिटांचे इंधन उरले होते, असे कर्मचाऱ्यांकडून कळल्याचे त्या प्रवाशाने लिहिले. कंपनीने हे नाकारले. पर्यायी विमानतळ गाठण्यास नियमानुसार लागणारे पुरेसे इंधन विमानात सर्व वेळ होते, आणि उतरणे सोडून विमान पुन्हा वर नेणे ही सुरक्षित व विहित कृती आहे, असे तिचे म्हणणे होते.

पंचेचाळीस मिनिटांचे इंधन एकशेपंधरा मिनिटे कसे पुरले? हा प्रश्न त्या प्रवाशांच्या मनात उभा राहिला, यात नवल काहीच नाही. त्याचे उत्तर मिळवावयाचे, तर विमानात इंधन कोणत्या हिशेबाने भरतात, ते कसे मोजतात आणि आकाशात त्याचा हिशेब कोण ठेवतो, हे समजून घेतले पाहिजे.

शिदोरी कशी बांधतात

पूर्वी प्रवासास निघणारा मनुष्य वाटेत किती मुक्काम पडतील ते मोजून शिदोरी बांधून घेई. नदीला पूर आला, तर एखादा दिवस पैलतीर दिसत असूनही थांबावे लागेल, म्हणून दोन भाकरी अधिक ठेवी. विमानाचे इंधनही अशाच विचाराने भरले जाते. मात्र येथे प्रत्येक भाकरीचा हिशेब वेगळा लिहिलेला असतो.

पहिला भाग धावपट्टीपर्यंत जमिनीवरून चालत जाण्यास लागणाऱ्या इंधनाचा. दुसरा प्रत्यक्ष प्रवासाचा. तिसरा भाग अकल्पित कारणांचा : समोरचा वारा अंदाजापेक्षा जोराचा निघाला, किंवा हवी ती उंची मिळाली नाही, तर जो जादा खर्च होईल त्यासाठी प्रवासाच्या इंधनाच्या सामान्यतः पाच टक्के इंधन अधिक घेतात. चौथा भाग पर्यायी विमानतळाचा. मुक्कामाच्या ठिकाणी उतरता आले नाही, तर तेथून वर चढून दुसऱ्या, आधीच नेमून ठेवलेल्या विमानतळावर जाण्यास तो पुरला पाहिजे. पाचवा भाग सर्वांत महत्त्वाचा. त्यास ‘अंतिम राखीव’ म्हणतात. जेट विमानासाठी तो तीस मिनिटांचा असतो, म्हणजे विमानतळाच्या वर सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर अर्धा तास घिरट्या घालण्यास पुरेल इतका. सहावा भाग वैमानिकाच्या विवेकाचा. हवा बिघडण्याची चिन्हे असली, किंवा मोठ्या विमानतळावर गर्दीमुळे ताटकळावे लागेल असे वाटले, तर तो आपल्या अधिकारात आणखी इंधन मागून घेतो.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. एअरबस ए-३२० या जातीचे विमान तासाला ढोबळमानाने २,४०० किलो इंधन जाळते. अयोध्या ते दिल्ली अशा तासाभराच्या प्रवासासाठी जमिनीवरचे २००, प्रवासाचे २,५००, अकल्पिताचे १२५, चंडीगडपर्यंतचे १,७०० आणि अंतिम राखीव १,२०० किलो, अशी मांडणी करता येईल. त्यात पंचेचाळीस मिनिटांच्या घिरट्यांचे १,८०० किलो मिळविले, तर एकूण ७,५२५ किलो होतात. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. विमानाचे वजन, उंची व वारा यांप्रमाणे ते दर खेपेस बदलतात. पण भागांचे परस्परांशी प्रमाण त्यावरून ध्यानी येईल.

अशा विमानाच्या टाक्यांत सुमारे २४ हजार लिटर, म्हणजे १९ टनांहून अधिक इंधन मावते. मग दर वेळी टाक्या काठोकाठ का भरू नयेत? याची दोन कारणे आहेत. इंधन वाहून नेण्यासही इंधन लागते : जादा घेतलेल्या वजनाचे सुमारे तीन टक्के दर तासाला केवळ ते वजन पेलण्यात खर्ची पडतात. दुसरे कारण चाकांशी निगडित आहे. विमान ज्या वजनानिशी उडू शकते, त्यापेक्षा बऱ्याच कमी वजनानिशी ते उतरू शकते. भरलेल्या टाक्या घेऊन तासाभरातच उतरावयाचे, तर सांगाड्यावर व चाकांवर त्यांच्या मर्यादेबाहेर भार पडेल. सबब शिदोरी जड असून चालत नाही आणि अपुरी असूनही चालत नाही.

लिटर आणि किलो

पेट्रोलपंपावर आपण लिटरच्या मापाने इंधन घेतो. वैमानिक मात्र सर्व हिशेब वजनात करतो. यामागे भौतिकशास्त्राचे साधे तत्त्व आहे. द्रव तापला की पसरतो व थंड झाला की आकसतो. त्यामुळे एका लिटरातील इंधन उन्हाळ्यात कमी व थंडीत जास्त वजनाचे भरते. इंजिनास मिळणारी उष्णता मात्र इंधनाच्या वस्तुमानावर अवलंबून असते. विमानात वापरले जाणारे इंधन हे शुद्ध केलेले एक प्रकारचे रॉकेलच होय. त्याचे एक लिटर सामान्य तापमानास सुमारे ०.८ किलो भरते, आणि एक किलो जळाले की सुमारे ४३ दशलक्ष जूल उष्णता निर्माण होते.

पंखांच्या पोकळीत असलेल्या टाक्यांतील इंधन आकाशात मोजावयाचे कसे? मोटारीतील तरंगता गोळा येथे फारसा उपयोगी नाही, कारण विमान वळताना कलते आणि इंधन एका बाजूस जाते. म्हणून टाकीत निरनिराळ्या जागी धातूच्या नळ्यांच्या जोड्या उभ्या केलेल्या असतात. एकीच्या आत दुसरी, मध्ये थोडी फट, अशी त्यांची रचना असते आणि प्रत्येक जोडी विद्युत्-धारकाचे काम करते. फटीत हवा असताना तिच्यात जेवढा विद्युत्-भार साठतो, त्याच्या सुमारे दुप्पट भार फटीत इंधन असताना साठतो. सर्व जोड्यांच्या धारकतेवरून गणकयंत्र इंधनाचे वजन काढते आणि तो आकडा वैमानिकासमोर दाखविते.

हे यंत्र बंद पडले आणि माणसाचा गुणाकारही चुकला, तर काय होते, याचा दाखला कॅनडात मिळाला. दि. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडा कंपनीचे बोइंग-७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. त्याचे इंधनदर्शक यंत्र नादुरुस्त होते. म्हणून टाकीत मोजपट्टी बुडवून इंधन मोजण्यात आले. ते ७,६८२ लिटर भरले. प्रवासासाठी २२,३०० किलो हवे होते. कॅनडात त्या काळी जुनी मापे जाऊन मेट्रिक मापे येत होती आणि हे विमान किलोच्या हिशेबाने चालणारे होते. लिटरचे किलो करण्यास ०.८०३ ने गुणावयास हवे होते, प्रत्यक्षात १.७७ ने गुणले गेले. हा अंक लिटरचे पौंड करण्याचा होता. त्यामुळे टाकीत १३,५९७ किलो आहेत असे वाटले आणि केवळ ४,९१७ लिटर अधिक भरण्यात आले. वास्तविक २०,०८८ लिटरांची गरज होती. विमान निम्म्याहून कमी शिदोरीवर उडाले.

४१ हजार फूट उंचीवर दोन्ही इंजिने एकामागून एक थांबली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांस इंजिनाविना ग्लायडर चालविण्याचा सराव होता. त्यांनी ते अवजड विमान गिम्ली येथील वायुदलाच्या जुन्या धावपट्टीवर तरंगत आणून उतरविले. विमानातील ६९ माणसे वाचली. लिटर, पौंड आणि किलो यांतील फरक हा केवळ शाळेतील गणिताचा विषय नाही, हे त्या दिवशी जगाला कळून चुकले.

कारंज्याचा धडा

पिंजौरच्या उद्यानातील एक गोष्ट येथे आठवण्याजोगी आहे. जुन्या पद्धतीच्या कारंज्यात पाणी वरच्या टप्प्यावरील हौदातून नळाने खाली येते आणि उंचीतील फरकामुळे उसळते. हौद उथळ व उंचावर असला, तर त्यातील पाणी भरपूर आहे की तळाला गेले आहे, हे खालच्या कारंज्यावरून फारसे ओळखता येत नाही. ते जवळजवळ त्याच जोमाने उडत राहते. हौद रिता झाला की मात्र एकाएकी थांबते.

विमानाच्या इंजिनाचे वर्तन असेच आहे. टाकीत दहा टन असोत की शंभर किलो, पंपाकडून इंधन मिळते आहे तोवर ते सारख्याच शक्तीने चालते. बैल दमला की पाय ओढू लागतो आणि गाडीवान समजतो. इंजिन तशी कोणतीही खूण देत नाही. म्हणूनच इंधनाविषयीची शंका ही नेहमी आकड्यांतून यावी लागते. ठराविक काळाने वैमानिक टाकीतील आकडा पाहतो, आतापर्यंत खर्च झालेला आकडा त्यात मिळवितो, आणि निघतानाच्या आकड्याशी ती बेरीज जुळते की नाही ते तपासतो. बेरीज कमी भरली, तर इंधन कोठे तरी गळत आहे असे समजावे लागते.

दि. २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्सॅट कंपनीचे एअरबस ए-३३० विमान टोरँटोहून लिस्बनला जात असता अटलांटिक महासागरावर अशीच तूट दिसू लागली. उजव्या इंजिनाकडे जाणारी इंधननळी दुसऱ्या नळीशी घासून फुटली होती. एका बाजूचे इंधन कमी होत आहे असे पाहून वैमानिकांनी दुसऱ्या बाजूचे इंधन तिकडे जाऊ दिले, आणि तेही गळतीतून वाहून गेले. ही चूक मोठीच होती. परंतु आकडे जुळेनात तेव्हा, गणकयंत्रच चुकत असावे अशी शंका मनात असूनही, त्यांनी विमान अझोर्स बेटांतील विमानतळाकडे वळविले होते. दोन्ही इंजिने थांबल्यावर विमान सुमारे एकोणीस मिनिटे इंजिनाविना तरंगत तेथे पोहोचले. ३०६ माणसे वाचली. मार्ग वळविण्यास आणखी थोडा उशीर झाला असता, तर खाली केवळ समुद्र होता.

कधीकधी टाकीत इंधन असूनही ते इंजिनापर्यंत पोहोचत नाही. अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरची हवा शून्याखाली पन्नास अंशांहूनही थंड असते. विमानाचे इंधन शून्याखाली ४७ अंशांपर्यंत गोठू नये असे बनविलेले असते. पण त्यात मिसळलेले अत्यल्प पाणी त्याच्या कितीतरी आधी बर्फ बनते. दि. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून लंडनला आलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग-७७७ विमानात अशा बर्फाच्या कणांनी इंधनाची वाट अडविली. टाक्यांत इंधन असूनही दोन्ही इंजिनांची शक्ती उतरली आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीवर टेकले. १५२ जणांपैकी कोणीही दगावले नाही. या घटनेनंतर इंजिनातील संबंधित भागाची रचना बदलण्यात आली. इंधन भरताना त्याचा नमुना काचेच्या भांड्यात घेऊन ते स्वच्छ व निर्जल आहे की नाही हे पाहण्याची रीत सर्वत्र आहे, ती उगीच नव्हे.

वळण्याची वेळ

आता दिल्लीच्या आकाशाकडे वळू. चैत्र-वैशाखात महाराष्ट्रात वळीव येतो, तशी उत्तरेत आंधी येते. तापलेली हवा वेगाने वर चढते, ढग उंच वाढतात, आणि मग त्यांतून थंड हवेचा लोट खाली कोसळून जमिनीवर सर्व दिशांना पसरतो. अशा वेळी उतरणाऱ्या विमानास एका क्षणी समोरचा व दुसऱ्या क्षणी मागचा वारा लागतो. पंखांची उचल एकाएकी कमी होते, आणि ती सावरण्यास पुरेशी उंची खाली उरलेली नसते. म्हणून वैमानिक उतरण्याचा यत्न सोडून विमान वर उचलतो. प्रवाशाच्या पोटात गोळा आणणारी ही कृती वस्तुतः त्याच्या जीविताचे रक्षण करणारी असते. मात्र तिला इंधन फार लागते, कारण खाली आलेले विमान पूर्ण शक्तीने पुन्हा वर चढवावे लागते.

दरम्यान इतरही विमाने येऊन पोहोचलेली असतात. नियंत्रक त्यांना एकमेकांपासून हजार फूट उंचीच्या अंतराने, जणू मजल्यांवर, घिरट्या घालावयास लावतो. प्रत्येक वैमानिकासमोर आता एकच आकडा असतो. आपल्या उदाहरणात चंडीगडपर्यंतचे १,७०० आणि अंतिम राखीव १,२०० मिळून २,९०० किलो होतात. टाकीतील आकडा या रेषेपर्यंत उतरण्याआधी दिल्लीस उतरले पाहिजे, नाहीतर चंडीगडकडे निघाले पाहिजे. ढग पाच मिनिटांत सरकतील, ही आशा त्या क्षणी सर्वांत घातक ठरू शकते. पाच मिनिटांना २०० किलो लागतात, आणि ते २०० किलो आता राखीव शिलकेतूनच जातात.

दिल्लीहून चंडीगडची हवाई वाट सुमारे २३५ किलोमीटरांची. खाली पानिपत, कर्नाल, अंबाला ही गावे त्याच दिशेस लागतात. रसद तुटल्यावर मग निर्णय घ्यावा लागणे म्हणजे काय, हे मराठी वाचकास पानिपताच्या नावावरूनच उमगेल. १७६१ च्या जानेवारीत मराठी सैन्य लढाईस उतरले तेव्हा छावणीतील धान्य संपले होते. थांबावे की निघावे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य धान्याबरोबरच गेले होते. आकाशातही निवड करण्याचे सामर्थ्य इंधनाबरोबर कमी होत जाते. दिल्लीवर असताना वैमानिकाजवळ दोन-तीन पर्याय असतात. चंडीगडच्या वाटेवर एकच उरतो. आणि तेथून सरळ उत्तरेस डोंगर आहेत. पिंजौरची छोटी धावपट्टी दिसली, तरी तिच्यावर एवढे मोठे विमान थांबू शकत नाही. जमीन दिसणे निराळे आणि उतरता येणे निराळे.

भारतात याचा कटू अनुभव येऊन गेला आहे. दि. १५ नोव्हेंबर १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३०० विमान मद्रासहून हैदराबादला गेले. तेथे नीट दिसत नसल्याने त्यास उतरता आले नाही. विमान पुन्हा वर नेताना पंखांमागील झडपा पूर्ण मिटल्या नाहीत. उघड्या झडपांमुळे हवेचा विरोध वाढला आणि परतीच्या वाटेवर इंधन हिशेबापेक्षा फार वेगाने संपू लागले. मद्रास गाठणे अशक्य झाले आणि ते प्रचंड विमान तिरुपतीजवळच्या भातशेतात उतरवावे लागले. सुदैवाने सर्वजण वाचले. कागदावरचा हिशेब ज्या स्थितीसाठी मांडलेला असतो ती स्थिती बदलली, की हिशेबही त्याच क्षणी नव्याने मांडावा लागतो, असे ही घटना सांगते.

एका शब्दाचे मोल

आकडे बरोबर असले, निर्णयही झाला, तरी एक गोष्ट उरते : ते दुसऱ्यास सांगणे. दि. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे बोइंग-७०७ विमान न्यूयॉर्कला येत होते. तेथील हवा खराब होती. वाटेत तीन ठिकाणी मिळून त्यास सव्वा तासाहून अधिक काळ घिरट्या घालाव्या लागल्या. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. इंधन संपत आले आहे आणि आपणास अग्रक्रम हवा, असे सहवैमानिकाने नियंत्रकांस सांगितले. परंतु ‘संकट’ या अर्थाचा ठरलेला शब्द उच्चारला नाही. नियंत्रकांसमोर त्या रात्री अनेक विमाने होती आणि इंधनाची काळजी प्रत्येकासच होती. त्यांनी या विमानास नेहमीच्या रांगेत पुन्हा वळसा घालावयास लावले. त्या वळशात चारही इंजिने थांबली. विमान लाँग आयलंडवरील कोव्ह नेक या वस्तीच्या टेकडीवर कोसळले आणि १५८ पैकी ७३ जण मृत्यू पावले. टाक्या रिकाम्या असल्यामुळे आग लागली नाही, एवढेच काय ते नशीब.

भाषेतील ही संदिग्धता दूर करण्यासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान-वाहतूक संघटनेने २०१२ मध्ये दोन घोषणा स्पष्टपणे नियमबद्ध केल्या. पहिली ‘मिनिमम फ्युएल’. विमान आता एका ठराविक विमानतळावर उतरण्यास बांधले गेले आहे, आणि आणखी विलंब झाल्यास अंतिम राखीवास हात लावावा लागेल, असा तिचा अर्थ. ही संकटाची हाक नव्हे. ती पूर्वसूचना आहे. दुसरी ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’. जवळच्या सुरक्षित विमानतळावर उतरतेवेळी अंतिम राखीवापेक्षा कमी इंधन उरेल, असा हिशेब निघताच ती करावीच लागते, आणि मग इतर सर्व विमाने बाजूस होतात. अर्थ ठरलेला असल्यामुळे मद्रासचा वैमानिक आणि बोगोटाचा वैमानिक यांच्या शब्दांत आता फरक पडण्याचे कारण उरले नाही.

एकशेपंधरा मिनिटांचा हिशेब

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येता येईल. ‘घिरट्यांचे पंचेचाळीस मिनिटांचे इंधन’ म्हणजे टाकीतील सर्व इंधन नव्हे. तो शिदोरीतील केवळ एक भाग. सव्वाचारला, नियोजित वेळेच्या हिशेबाने, दिल्लीस पोहोचण्याचीच पंधरा मिनिटे बाकी होती. त्यांचे इंधन निराळे. त्यानंतर घिरट्यांची पंचेचाळीस, चंडीगडपर्यंतची चाळीस आणि अंतिम राखीवाची तीस मिनिटे. बेरीज एकशेतीस मिनिटे होते. म्हणजे पंचेचाळीस मिनिटे संपताच इंजिने थांबली पाहिजेत, ही प्रवाशांची धास्ती हिशेबाला धरून नव्हती. उलट, एकशेपंधरा मिनिटे उडून आलेल्या विमानात याच ढोबळ बेरजेने पंधराच मिनिटांचे, म्हणजे अर्ध्या राखीवाइतकेच इंधन उरते, हेही खरे. दोनदा वर चढण्याचा खर्च त्यातून वजा होईल. अकल्पितासाठी घेतलेले इंधन व वैमानिकाने मागून घेतलेले जादा इंधन त्यात मिळेल. वाद मिटविणारा आकडा अशा बेरजेतून निघत नाही. उतरतेवेळी टाकीत किती किलो होते, याची जी नोंद विमानाची यंत्रे ठेवतात, तीच त्याचा निवाडा करू शकते. आणि हा आकडा तीस मिनिटांच्या राखीवाहून अधिक की उणा, एवढाच प्रश्न महत्त्वाचा असतो. राखीवास हात न लावता उतरलेले विमान सुरक्षित उतरले. त्यास हात लागला असेल, तर कोणासही इजा झाली नसली, तरी त्या प्रसंगाची चौकशी होणेच योग्य.

यातून एक लहानशी गोष्ट विमान कंपन्यांनाही शिकण्यासारखी आहे. बंद नळकांड्यात, ढगांच्या धक्क्यांत, घड्याळाकडे पाहत बसलेल्या शंभर-दीडशे माणसांना अर्धाच आकडा सांगितला, तर उरलेला आकडा भीती भरून काढते. ‘घिरट्यांसाठी पंचेचाळीस मिनिटांचे इंधन आहे, ते संपण्याआधी आपण चंडीगडला जाऊ, तेथे जाण्याचे व त्यानंतर आणखी अर्ध्या तासाचे इंधन बाजूला राखलेले आहे,’ इतके वाक्य बोलण्यास दहा सेकंद पुरतात.

दिल्लीच्या वाटेवरील विमान पुढेही कधीतरी उत्तरेकडे वळेल आणि पिंजौरच्या टेकड्या प्रवाशांना खिडकीतून दिसू लागतील. इच्छित स्थळ हुकल्याचा त्रागा त्या वेळी होणारच. सामान, गाडी, वाट पाहणारी माणसे, सर्वच अडते. पण विमान वेळीच वळले असेल, तर शिदोरीतील शेवटची भाकर अद्याप सोडलेली नाही, असा त्याचा अर्थ होतो. ती तशीच बांधलेली परत यावी, एवढ्याचसाठी ती बरोबर घेतलेली असते.